बिघाड कुठे नाही?

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बटण दाबलं तरी काहीच होत नाही, साधा दिवाही लागत नाही, ही पहिली. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, ही दुसरी. कंपनीचं नाव झळकतं आणि सगळं तिथेच अडकतं, ही तिसरी. विंडोज येते, पण कशावरही क्लिक केलं तरी काही उघडत नाही, ही चौथी. पहिलीचा संबंध विजेशी, दुसरीचा बहुधा रॅमशी किंवा स्क्रीनच्या केबलशी, तिसरीचा बऱ्याचदा डिस्कशी आणि चौथीचा सॉफ्टवेअरशी. चारही वेळा आपण दुरुस्तीवाल्याला फोनवर तेच एक वाक्य सांगतो. तो ‘घेऊन या, बघू’ म्हणतो, त्यात त्याची काही चूक नाही.

घरच्या कॉम्प्युटरचे रोजचे बिघाड शोधायला पदवी लागत नाही, एक सवय लागते. बिघाड कुठे असेल याचा तर्क लढवण्याआधी तो कुठे नाही, हे पक्कं करायचं. प्रत्येक तपासणीनंतर निम्म्या शक्यता तरी बाद व्हायला हव्यात. अशा चार-पाच तपासण्या नीट केल्या की शेवटी उरते ती एखादी केबल, एखादं सेटिंग, नाहीतर एखादा म्हातारा झालेला भाग. घरोघरी नेहमी येणाऱ्या काही बिघाडांवर ही सवय चालवून बघू. उदाहरणं विंडोजची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते.

आधी अगदी ठार बंद पडलेलं मशीन घेऊ. डेस्कटॉपपर्यंत वीज टप्प्याटप्प्याने येते: भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, असल्यास यूपीएस, पॉवर केबल आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा एसएमपीएस. मोबाइलचा चार्जर हातात घ्या आणि पहिल्या टप्प्यापासून लावत चला. सॉकेटवर मोबाइल चार्ज झाला, सॉकेट बाद. बोर्डावर झाला, बोर्ड बाद. मॉनिटरची पॉवर केबल बऱ्याचदा कॅबिनेटच्या केबलसारखीच असते, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल केली की केबलचाही निकाल लागतो. एसएमपीएसच्या मागे एक छोटा स्विच असतो, त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला शून्य. झाडलोट करताना धक्का लागून तो शून्याकडे पडतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. एवढं सगळं पाहूनही दिवा लागत नसेल तर दोष एसएमपीएसमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये आहे आणि इथे आपण थांबायचं. एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह आत एकदिश होतो तेव्हा तिथल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

विजेवरून आणखी एक. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार असते आणि ‘कॉम्प्युटर शॉक मारतो’ म्हणून त्याचा संशय घेतला जातो. एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यातून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांची टोपी घालून काम भागवलं असेल, तर त्या प्रवाहाला वाट मिळत नाही आणि पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरोखर काही जळलं तर हीच अर्थिंग जीव वाचवणारी असते. तेव्हा अशा वेळी कॉम्प्युटर दुकानात नेऊ नका, वायरमनला घरी बोलवा.

लाइट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद पडतो, यातही कॉम्प्युटरचा दोष नाही. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो. नुसती बॅटरी बदलून मिळते.

आता दुसरी तक्रार, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं येत असतील तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही एवढंच. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टात लावलेली आहे ना, ते बघा. घर बदलल्यावर किंवा रंगकामानंतर हा गोंधळ हमखास होतो. यानंतर पाळी रॅमची.

रॅम काढून बसवणं हे काम घरी करता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डावर उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण दोन स्क्रू काढले की सरकतं. आतल्या रंग न दिलेल्या पत्र्याला एकदा हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. रॅमची पट्टी मदरबोर्डावर उभी बसवलेली असते आणि तिच्या टोकांना चिमटे असतात. चिमटे बाहेर दाबले की पट्टी आपोआप वर उचलली जाते. कडांना धरून ती बाहेर काढा. खालच्या काठावर सोनेरी पट्ट्यांची ओळ दिसेल. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारा मळाचा थर बसतो आणि जोडणी सुटते. स्वच्छ, पांढऱ्या खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, रबराचा चुरा झटका आणि पट्टी पुन्हा खाचेत बसवा. पट्टीतली फट मध्यावर नसते, थोडी बाजूला असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. जोर लावावा लागत असेल तर फिरवून बघा. चिमट्याचा ‘टक’ असा आवाज आला की पट्टी बसली. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून मशीन चालू करा, मग फक्त दुसरी लावा. एकीवर चालतं आणि दुसरीवर नाही, असं झालं तर दोषी पट्टी सापडली. काळ्या स्क्रीनच्या कितीतरी तक्रारी एका खोडरबरावर मिटतात, हे दुरुस्तीच्या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो.

लॅपटॉप उघडण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा चार्जर काढायचा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, चार्जर लावायचा आणि पुन्हा चालू करायचा. अडकून बसलेले बरेच लॅपटॉप एवढ्यावर उठतात.

मशीन चालू होतं, पण नीट चालत नाही, अशा वेळी मात्र हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायचा: काल चालत होतं, तर मधल्या काळात काय बदललं? नवा प्रिंटर जोडला, अँटिव्हायरस बदलला, रात्री विंडोजचं अपडेट आलं, मुलांनी गेम टाकला. १९ जुलै २०२४ रोजी जगभर एकाच सकाळी कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले तेव्हा कारण याच जातीचं होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका अपडेटमधली फाइल सदोष होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, विमानं रखडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकण्याचा. एवढ्या मोठ्या गोंधळातही कुणाला मशीन बदलावं लागलं नाही. शेवटचा बदल शोधला आणि तो मागे घेतला.

घरी हेच करण्यासाठी दोन साधनं विंडोजमध्येच आहेत. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांवर चालू होते. तिथे मशीन शहाण्यासारखं वागलं तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे, बाहेरून आलेलं काहीतरी आडवं येतं आहे. दुसरं साधन सिस्टिम रिस्टोअर. ते विंडोजची सेटिंग आणि टाकलेली सॉफ्टवेअर मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीला नेतं आणि आपले फोटो, पत्रं यांना हात लावत नाही. पण ते आधीपासून चालू असावं लागतं. बऱ्याच मशीनवर ते बंद असतं. आजच बघून ठेवा.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्यातही एक मेख आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ दिसतो, म्हणजे विंडोज सलग किती वेळ जागी आहे. रोज रात्री न चुकता शट डाउन करणाऱ्यांच्या मशीनवरही तिथे दहा-बारा दिवस दिसतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केलं की आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणून मशीन लवकर सुरू होतं, आणि म्हणूनच कालचं दुखणंही सोबत येतं. ‘रीस्टार्ट’ने मात्र गाभा खऱ्या अर्थाने नव्याने उभा राहतो. शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं. प्रिंटर ओळखला जात नाही, आवाज गेला, ब्लूटूथ सापडत नाही, या तक्रारींवर आधी रीस्टार्ट करून बघा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘फार स्लो झालाय’. इथे प्रश्न असा की केव्हा? चालू झाल्यापासूनच मंद, अर्ध्या तासाने मंद, की फक्त इंटरनेट उघडल्यावर मंद?

अर्ध्या तासाने मंद होणारं मशीन बहुधा तापतं आहे. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे गरम झाला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. पंख्यावर आणि त्याच्या मागच्या जाळीवर कापसासारखी धूळ साचलेली असते, ती मऊ ब्रशने काढा. बंद मशीनमधली धूळ हवेच्या झोताने उडवत असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, झोताने तो भलत्या वेगाने फिरता कामा नये. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्यांनी धुळीला दोष देऊ नये, हवा आत जायची वाटच गादीने बंद केलेली असते.

चालू झाल्यापासूनच मंद असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क हे दोन रकाने बघा. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. ४ जीबीवर विंडोज ११ चालते खरी, पण ब्राउझरमध्ये दहा पानं उघडली की धापा टाकते. ८ जीबी हे आज घरचं किमान माप धरावं. मेमरी मोकळी, पण डिस्क शंभर टक्के आणि ती जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर उत्तर सापडलं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद थांबावं लागतं. शिवाय ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला वेगळा वेळ. म्हणजे विखुरलेल्या फाइली वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनं. फिरणारा भागच नसलेली साधी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारोंनी वाचनं करते. पाच-सात वर्षांच्या मशीनवर पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी एसएसडीवर करावेत, माझं मत इतकं स्पष्ट आहे. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर मात्र टाकू नयेत. ती स्वतःच मशीनवर ओझं होऊन बसतात. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अॅप्स’मध्ये जाऊन आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद केले की त्यांच्याहून जास्त काम होतं.

एक बिघाड असा की तो दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडे. सकाळी कॉम्प्युटर लावला, नेट चालू आहे, पण बँकेची, मेलची, सगळ्याच साइट ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं म्हणून अडवतात. लोक घाबरून पासवर्ड बदलायला निघतात. आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागची असेल तर कोडं सुटलं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि ते ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. मशीनचं घड्याळ २०१९ दाखवत असेल तर ब्राउझरच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. घड्याळ चुकलं, कारण मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली. तिच्यावर सीआर २०३२ असं छापलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत घड्याळाला एसएमपीएसमधून वीज मिळत राहते आणि बॅटरी वाचते. रोज रात्री तो बंद करायची पद्धत ज्या घरांत आहे तिथे ती लवकर संपते. पद्धत चांगलीच आहे, फक्त काही वर्षांनी बॅटरी बदलायची हे लक्षात ठेवायचं.

नेट चालत नाही म्हटल्यावर त्याच वाय-फायवर मोबाइल लावून बघा, त्याचा मोबाइल डेटा बंद करून. मोबाइलवर चालतं तर कंपनीला फोन करायचं कारण नाही, दोष कॉम्प्युटरकडे आहे. दोन्हीकडे बंद असेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येतच नाही. घरातली बारीक वायर कपाटामागे दुमडली आहे का, ते पाहून कंपनीला कळवा. कॉम्प्युटरचाच दोष असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची. मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि मशीनने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. वाय-फाय तोडून पुन्हा जोडा, मग राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. पत्ता बरोबर असून साइट उघडत नसतील तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही पायरी अडली असण्याचा संभव मोठा. आतल्या खोलीत वेग कमी पडतो, त्याचं कारण बहुधा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तो वेगवान असतो, पण विटांच्या भिंतीपुढे लवकर हात टेकतो. तिथे २.४ वर जा.

मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर एक तक्रार हमखास असते आणि बाहेरच्या पुस्तकांत तिचं उत्तर सापडत नाही: ‘फाइल उघडली तर सगळा कचरा दिसतोय.’ त्या कचऱ्याच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर फाइल शाबूत आहे. श्रीलिपीसारख्या किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट या मशीनवर नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. तोच फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. नुसते चौकोन दिसत असतील तरीही फाइल शाबूत आहे. मजकूर युनिकोडच आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अक्षरं निवडून ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ फॉन्ट द्या. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. तिसरी जात मात्र वाईट: ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. मराठी न मावणाऱ्या जुन्या साच्यात कुणीतरी फाइल सेव्ह केली आणि त्या वेळी प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. आता कुठलाही फॉन्ट उपयोगाचा नाही, मूळ प्रतच शोधावी लागते. एक्सेलमधून सभासदांची यादी सीएसव्ही म्हणून काढताना सोसायट्यांच्या चिटणिसांकडून हे वारंवार होतं. तिथे ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला की यादी वाचते.

दुसऱ्याला फोनवर मदत करायची असेल तर त्याच्याकडून अर्थ मागू नका, अक्षरं मागा.

‘अरे, काहीतरी एरर आली होती, मी बंद केली.’

‘आत्या, पुन्हा आली की बंद करू नकोस. मोबाइलने फोटो काढ आणि मला पाठव.’

त्या फोटोतला आकडा आणि शब्द जसेच्या तसे शोधले की पहिल्या पाच मिनिटांत दिशा मिळते. पण एक ‘एरर’ मात्र खोटी असते: स्क्रीनभर लाल सूचना, भोंग्याचा आवाज, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीही नसतो. ते नुसतं एक वेब पान असतं. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, संपलं. फोन केला तर समोरचा माणूस एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि तुमच्याच हाताने बँकेचा दरवाजा उघडून घेतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणतो तेव्हा त्याला थोडं थांबवा. फॉरमॅटने बिघाड सापडत नाही, पुसला जातो, आणि दोष रॅमचा किंवा उष्णतेचा असेल तर महिन्याभरात तो परत येतो. सोबत मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं जातं. ‘माझा डेटा डी ड्राइव्हवर आहे’ या भरवशावर राहू नका. डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली सहसा सी ड्राइव्हवरच असतात. आणि नव्या लॅपटॉपच्या बाबतीत एक गोष्ट आधी करा. विंडोज ११ अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करते. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये काही बदल झाला तर ती ४८ अंकी किल्ली मागते आणि ती नसेल तर आतलं काहीच मिळत नाही. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्या.

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक बिघाड पैसे किंवा वेळ देऊन भरून निघतात. डिस्क मरणं तसं नाही. जुन्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला तर वाचणारं डोकं आपली जागा शोधू शकत नाही असं समजा. ते डोकं चकतीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते घासू लागलं तर दर मिनिटाला काहीतरी खरवडलं जातं. अशा वेळी डिस्क तपासणारे, दुरुस्त करणारे कुठलेही प्रोग्राम चालवू नयेत. मशीन बंद करावं आणि डेटा मोलाचा असेल तर तो काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावं. आवाज नाही, पण फाइल उघडायला वेळ लागतो, कॉपी मध्येच अडते, अशी लक्षणं असतील तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा, कारण मग शोधा. एसएसडी तर बऱ्याचदा काहीही न सांगता जाते, आणि तिच्यावरून चुकून पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

फोटो आपोआप क्लाउडवर जातात, म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की जोडलेल्या खात्यात एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जाऊ शकतं. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. या आठवड्यात एक बाहेरची डिस्क आणा. लग्नाचे, मुलांच्या लहानपणीचे, आई-वडिलांचे फोटो आणि घराची कागदपत्रं तिच्यावर उतरवा. मग डिस्क काढून दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरला लावा आणि त्यातले पाच-दहा फोटो खरोखर उघडून बघा. उघडले तरच ती प्रत धरा.